डेकवर पाऊल ठेवण्याबाबत

बाळकुमच्या 'निसर्गछाया' सोसायटीत, पोडियमवरच्या बागेमधोमध, लाकडी फळ्यांचा एक ऐसपैस डेक आहे. सात वर्षांच्या उन्हापावसाने तो करडा पडला होता. फेब्रुवारीच्या तीन तारखेला, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, त्याचं एक कुसळ मंदाकिनी सबनीस यांच्या उजव्या तळपायात गेलं. वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचं कारण म्हणजे त्यांचे यजमान प्रभाकरराव. वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळल्यामुळे, काहीही बिघडलं की आधी वेळ लिहून घ्यायची आणि मग कुसळ काढायचं, अशी त्यांची सवय होती.

मंदाकिनीबाईंच्या गुडघ्याचं वर्षापूर्वी ऑपरेशन झालं होतं. रोज चाललंच पाहिजे, नाहीतर गुडघा पुन्हा धरेल, अशी डॉक्टरांची तंबी होती. रस्त्यावर खड्डे, फरशीवर चाललं की गुडघ्यात कळ. लाकूड तेवढं पायाला सोसायचं. त्या डेकवर रोज सकाळी अनवाणी चाळीस फेऱ्या मारूनच त्यांची काठी सुटली होती. प्रभाकरराव बाकावर बसून फेऱ्या मोजायचे. मोजणं हा त्यांचा प्रेम करण्याचा प्रकार होता आणि बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या मंदाकिनीबाईंना तो वाचता येत असे.

"यापुढे या डेकचं एकही कुसळ तुझ्या पायात जाणार नाही," कुसळ चिमट्यात धरून प्रभाकरराव म्हणाले. हा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला, याची नोंद इथेच करून ठेवलेली बरी.

कल्याणहून सहदेव नावाचा पॉलिशवाला बोलावला गेला. त्याने उकिडवं बसून फळीवर नख ओढलं, वास घेतला आणि म्हणाला, "लाकूड चांगलं आहे काका, नुसतं तहानलंय. धुवायचं, सुकवायचं, घासायचं, तेलाचा स्टेन लावायचा, जास्तीचा पुसून घ्यायचा. चार दिवसांचं काम. सागवानी शेडचा डबा गाडीवरच आहे, उद्या चालू करतो."

प्रभाकररावांना हे पटलं नाही. चार दिवसांत होणारं काम त्यांनी आयुष्यात पास केलं नव्हतं. त्यांनी सोसायटीचे चेअरमन चांगदेव गायकवाड यांना गाठलं आणि 'डेक संवर्धन उपसमिती' स्थापन करून घेतली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या गायकवाडांना उपसमिती म्हणजे काय ते पुरतं ठाऊक असल्याने त्यांनी तिच्यावर स्वतः यायला नम्र नकार दिला. निमंत्रक आणि सदस्य अशा दोन्ही जागा प्रभाकररावांनी भरल्या. पहिल्या बैठकीला शंभर टक्के उपस्थिती होती.

डब्यावरच्या सूचनांत लिहिलं होतं की रंग आधी सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावा. प्रभाकररावांनी पाहणी केली, तर असा कोपराच नव्हता. प्रत्येक कोपरा कुणाच्या ना कुणाच्या बाल्कनीतून दिसत होता, आणि ज्याला दिसतो त्याला विचारणं क्रमप्राप्त होतं. मग ज्याच्या त्याच्या पसंतीचा एकेक नमुना लावायचा, असं ठरलं. ए विंगला अक्रोडी हवा होता, बी विंगला शिसवी. बी विंगमधल्या सातव्या मजल्याचं म्हणणं होतं की संध्याकाळच्या उन्हात शिसवी काळा दिसतो, तेव्हा जरा तांबूस घ्या. दोन आठवड्यांत डेकवर सव्वीस चौकोन उमटले. प्रत्येकाला क्रमांक होता, आणि मतदानासाठी व्हॉट्सॲपवर स्वतंत्र ग्रुप होता.

मतमोजणीत सर्वाधिक मतं सत्तावीस क्रमांकाला पडली.

"सत्तावीस कुठला?" गायकवाडांनी विचारलं. "नमुने तर सव्वीसच आहेत."

"तो नमुना नाही साहेब," सहदेव म्हणाला. "तिथे मी ब्रश पुसायचो."

लोकांनी ठरवलेलं बदलण्याचा अधिकार उपसमितीला नव्हता. तेव्हा सत्तावीस क्रमांकाचं प्रमाण लेखी द्यावं, असं सहदेवला कळवण्यात आलं. सहदेवने एका कागदावर 'सगळ्यातला थोडा थोडा' असं लिहून खाली सही केली आणि पुढे योग्य वेळी गाडीवरचा सागवानी डबाच उघडला. तो सत्तावीससारखा हुबेहूब आला, असं सगळ्यांचं एकमत झालं. पण ती योग्य वेळ यायला अजून अवकाश होता, कारण मधे सुकवण्याचा टप्पा आला.

सहदेवने डेक धुतला, दोन दिवस उन्हात सुकू दिला आणि फळीवर तळहात ठेवून म्हणाला, "सुकलं काका."

"हाताला आकडा असतो का?" प्रभाकररावांनी विचारलं आणि लाकडातली ओल मोजायचं यंत्र मागवलं. पंधरा टक्क्यांच्या खाली ओल असावी, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. यंत्र सोळा दाखवत होतं. बाळकुमला खाडीचं वारं येतं, आणि त्या वाऱ्याने प्रभाकररावांचं काहीही वाचलेलं नव्हतं. त्यांनी दुपारी टेबलफॅन लावले, संध्याकाळी ताडपत्री घातली, सकाळी ताडपत्री काढली. दिवसातून सहा वेळा मोजणी झाली, तिचा आलेख लिफ्टमध्ये लागला. सोळा काही हटेना.

या सगळ्या काळात मंदाकिनीबाई खाली पार्किंगमध्ये चालत होत्या. स्कूटर चुकवत, मागे येणाऱ्या गाड्यांचे भोंगे ऐकत, चपला घालून सिमेंटवरून.

"अहो, सोळाला लावलं तर काय होतं?" एकदा त्यांनी विचारलं.

"रिजेक्ट होतं."

"कोण करतं?"

प्रभाकररावांनी मान वर करून पाहिलं. उत्तर त्यांना माहीत होतं, आणि ते थोडंसं लाजिरवाणं होतं, हेही त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी आलेखाचा कागद नीट घडी करून ठेवला आणि चहा मागितला.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी यंत्राचा सेल उतरला. आकडाच उमटेना. सोळा दिसत नाही म्हणजे सोळा नाही, असा अर्थ काढून प्रभाकररावांनी मंजुरी दिली. पुढे सेल बदलल्यावर पुन्हा मोजायचा मोह त्यांनी कसा आवरला, ते त्यांचं त्यांना माहीत.

सहदेव कामाला लागला. फळीच्या रेषेत ब्रश, एका वेळी तीन फळ्या, वीस मिनिटांनी फडक्याने पुसणं. गायकवाड बघायला आले होते. त्यांचा जीव कळवळला. "अरे, एवढं लावलेलं तेल पुसून टाकतोस?"

"नाही पुसलं तर चिकट राहील साहेब. लाकूड पिईल तेवढंच त्याचं."

दुपारी एक वाजता काम संपलं. प्रभाकरराव जिन्यावरून उतरले आणि तिथेच थबकले. लाकडाच्या शिरा वर आल्या होत्या. फळीफळीला मधाळ तांबूस रंग चढला होता, ऊन पडलं तिथे तो आतून उजळत होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. चौतीस वर्षांत हजारो व्हॉल्व्ह त्यांच्या हाताखालून गेले, पण शेरा न मारता पास करावी अशी वस्तू त्यांना सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा दिसत होती. त्यांना फार आनंद झाला. आणि खरं सांगायचं तर, हा डेक कुणासाठी केला ते त्या आनंदात त्यांच्या ध्यानातून निसटलं.

डब्यावर लिहिलं होतं, तीन दिवस चालू नये. सुरक्षिततेसाठी प्रभाकररावांनी सात केले. आठव्या दिवशी एका कावळ्याने ओल्या पायांनी डेक ओलांडला आणि पाच ठसे उमटले. ते तासाभरात वाळून गेले, पण तोवर त्यांचे फोटो निघाले होते. त्यावर उपसमितीची तातडीची बैठक झाली आणि चपला-बुटांना बंदी आली. मग लक्षात आलं की अनवाणी पायाला घाम असतो. म्हणून मोजे सक्तीचे झाले. मोजे घालून एक गृहस्थ घसरले, तेव्हा मोजेही गेले. आता चपला नाहीत, मोजे नाहीत, अनवाणी पाय नाहीत, असा विचार करत करत प्रभाकरराव एका निष्कर्षाप्रत आले, आणि तो त्यांनी नोटीस बोर्डावर लावला: 'डेकच्या हानीचे एकमेव कारण पाऊल हे आहे.'

भोवती नायलॉनची दोरी आली. वॉचमन महेंद्र गेटवरून उठवून दोरीपाशी बसवला गेला, शिट्टीसकट. अगदीच निकड असणाऱ्यांसाठी 'डेकवर पाऊल ठेवण्याबाबतचा अर्ज' छापून घेण्यात आला. कीर्ती पसरली. डोंबिवलीच्या एका सोसायटीचे पदाधिकारी मुद्दाम बघायला आले, दोरीबाहेर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले की आमच्याकडे लोक यावर बसतात हो, शिस्तच नाही. प्रभाकररावांनी त्यांना सरबत दिलं.

मे महिन्यात एक अर्ज आला. अक्षर वळणदार, काना-मात्रा जिथल्या तिथे. अर्जदार: मंदाकिनी प्रभाकर सबनीस. प्रयोजन: चालणे. कालावधी: चाळीस फेऱ्या. सोबत आणावयाच्या वस्तू: गुडघा.

प्रभाकरराव पेचात पडले. अर्जदार नात्यातली, तेव्हा स्वतः निर्णय घेणं नीतीला धरून नव्हतं. त्यांनी अर्ज चेअरमनकडे पाठवला. गायकवाडांनी खात्यात असताना हजारो कागद असे हाताळले होते. त्यांनी त्यावर 'उपसमितीच्या अभिप्रायार्थ' एवढंच लिहून तो परत पाठवला. उपसमितीची बैठक बसली, म्हणजे प्रभाकरराव खुर्चीवर बसले. दोन तास त्यांनी दोन्ही बाजूंचा विचार केला. एकीला सूट दिली की बी विंग येणार. नियम म्हणजे नियम. शेवटी त्यांनी लिहिलं, 'प्रयोजन डेकच्या संवर्धनाशी सुसंगत नाही. सबब नामंजूर.' कागद पाकिटात घालून त्यांनी स्वतःच्या फ्लॅटच्या टपालपेटीत टाकला, संध्याकाळी तिथून काढला आणि बायकोच्या हातात दिला.

मंदाकिनीबाईंनी तो दोनदा वाचला.

"शुद्धलेखन बिनचूक आहे," त्या म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

त्यानंतर त्यांनी पार्किंगमध्ये जाणंही सोडलं. उकाडा फार आहे, म्हणाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रभाकरराव पेपर वाचत होते, तेव्हा स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे येणारा आवाज त्यांना ऐकू आला. टक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टक. काठी माळ्यावरून कधी काढली, हे त्यांना माहीत नव्हतं. ती खाली घ्यायला बायकोला स्टुलावर चढावं लागलं असणार. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. ते उठले, बायकोचा हात धरला आणि म्हणाले, "चल. खाली चल."

"कशाला?"

"फेऱ्या मारायला. डेकवर."

दोरीपाशी महेंद्र उभा राहिला. "काका, परवानगीची चिठ्ठी?"

"अरे, चिठ्ठी देणारा मीच."

"ते बरोबर आहे काका. पण तुम्हीच सांगितलेलं, कोणी पण आला तरी चिठ्ठी बघायची. तुमचं नाव घेऊन सांगितलेलं."

प्रभाकररावांनी खिशातल्या औषधाच्या पावतीमागे स्वतःला उद्देशून परवानगी लिहिली, सही केली, तारीख घातली. महेंद्रने ती वाचली आणि दोरी सोडली.

सकाळचं कोवळं ऊन डेकवर तिरपं पसरलं होतं. दीड महिन्यात त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. मंदाकिनीबाईंनी चपला काढल्या. काठी नवऱ्याकडे दिली, पदर सावरला, उजवा पाय उचलला. क्षणभर तो पाय फळीच्या वर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेऊन फरशीवर टेकवला.

"नको हो," त्या म्हणाल्या. "एवढा छान राहिलाय. उगाच डाग पडतील."

'पडू देत' एवढे दोनच शब्द होते. प्रभाकररावांच्या ओठांवर ते आलेही. बायकोसाठी ते काहीही करायला तयार होते, हे खोटं नाही. पण तिने पाय मागे घेतला तेव्हा छातीवरचा मोठा भार उतरल्यासारखं त्यांना हायसं वाटलं, आणि हेही खोटं नाही.

"तसं म्हणतेस तर," ते म्हणाले, "आपण कडेने चालू."

दोघं फरशीवरून डेकच्या भोवती चालले. सहा फेऱ्या झाल्या, सातव्या फेरीला गुडघा थांबला. प्रभाकररावांनी तिला बाकावर बसवलं, परत जाऊन दोरी स्वतःच्या हाताने बांधली आणि गाठ ओढून पाहिली.

इथवर वाचून ज्यांना प्रभाकररावांचा राग आला असेल, त्यांनी तो लेखी कळवावा. मात्र त्याआधी घरातल्या काचेच्या कपाटातले ते चांगले कप काढावेत, आजचा संध्याकाळचा चहा पाहुणे नसताना त्यांत ओतावा, आणि तो आपल्या माणसाला, कप सांभाळ असं न बजावता, प्यायला द्यावा. हे ज्यांना जमेल त्यांनी बाळकुमला येऊन प्रभाकररावांना तोंडावर बोल लावावेत, त्यांची काही हरकत नाही. येताना फक्त कडेने यावं.