पान एकशे सत्त्याहत्तर

ज्या राष्ट्राला आपल्या नेत्याचं चरित्र ठाऊक नाही त्या राष्ट्राला भवितव्य नाही, आणि मोजमाप खात्यात ज्या कारकुनाला ते ठाऊक नाही त्याला हातांची खुर्ची नाही. पहिल्या गोष्टीबद्दल मतभेद आहेत. दुसरीबद्दल परिपत्रक आहे.

खात्याच्या जावक कारकुनाचं सारं तारुण्य स्टुलावर गेलं होतं. वरिष्ठ लिपिक झालं की हातांची खुर्ची मिळते, आणि वरिष्ठ लिपिक व्हायचं तर राष्ट्रनेत्यांच्या चरित्रावरची परीक्षा द्यावी लागते. ती सगळे मार्गदर्शिका वाचून देतात. (मूळ ग्रंथ वाचल्याने उमेदवाराचा गोंधळ होतो, असा इशारा मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत आहे.) कारकुनानेही तशीच दिली असती, पण त्याची मार्गदर्शिका मेव्हणा घेऊन गेला, आणि मेव्हण्याने नेलेली वस्तू परत मागणं हे त्याच्या घरी राजद्रोहात मोडतं.

नाइलाजाने तो मूळ ग्रंथाकडे वळला. ग्रंथ साहेबांच्या खुर्चीमागे काचेच्या कपाटात होता. त्याने शिपायाकडे किल्ली मागितली.

"पुसायला?" शिपायाने विचारलं.

"वाचायला."

"मग साहेबांची परवानगी आणा. पुसायला लागत नाही."

कारकुनाने ग्रंथ पुसायला म्हणून घरी नेला.

एकशे शहात्तर पानं त्याने भारावून वाचली. शेवटच्या ओळीला नेत्यांना अटक झाली होती. तुरुंगाच्या दारात ते थांबले, सहकाऱ्यांकडे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, (कारकुनाने डोळे पुसत समोरच्या पानावर नजर नेली) 'दाणे सकाळ-संध्याकाळ दोनदाच टाकावेत. जास्त दिल्यास सुस्ती येऊन अंडी घटतात.'

कारकुनाने चष्मा पुसला. अंडी तशीच होती.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. सरकारी छापखान्यात चरित्र आणि 'सुलभ कुक्कुटपालन' ही दोन पुस्तकं एकाच आठवड्यात, एकाच कागदावर निघाली होती, आणि बांधणीच्या वेळी दोन्हींची सोळा-सोळा पानं एकमेकांत गेली होती. एकशे सत्त्याहत्तर ते एकशे ब्याण्णव. चूक क्षुल्लक होती. अडचण एवढीच, की तीनशे अडुसष्ट पानांचा ग्रंथ हातात घेतला की आपोआप मध्येच उघडतो, आणि भाषण लिहिणारा माणूस जिथे उघडेल तिथे वाचतो. त्यामुळे देशाने नेत्यांचं वाचलं होतं ते एवढंच.

आता कारकुनाला आजूबाजूचं सगळं कळू लागलं. खात्याच्या खिडक्या छताला का टेकल्या होत्या ('झरोके उंच ठेवावेत'). नव्या नोकरदारांशी सहा महिने कुणी का बोलत नसे ('नवे आलेले काही काळ वेगळे ठेवावेत'). शंभरातल्या एकोणसाठ भाषणांत 'दाणे दोनदाच' हा संदेश का असे, आणि वेतनवाढीच्या मागणीवर तो छापील का मिळे. विद्वानांनी 'भुसा' या संकल्पनेवर प्रबंध लिहिले होते. (भुसा म्हणजे परंपरा, यावर एकमत. तो दर आठवड्याला बदलावा का, यावर दोन तट आणि एक मारामारी.)

"मी साहेबांना सांगणार," तो बायकोला म्हणाला.

"अहो, तुम्हाला खुर्ची हवीय की खरं?"

"दोन्ही."

"मग राहा उभे. स्टूलसुद्धा जाईल!"

तरी तो गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि 'तुम्ही प्यायला आहात का' या सुरात विचारलं, "तुम्ही वाचलंत?"

समिती नेमली गेली. समितीने निर्भीडपणे काम केलं. नेते चुकणं शक्य नव्हतं. ग्रंथ नेत्यांचा, म्हणून तोही चुकणं शक्य नव्हतं. छापखाना सरकारी, म्हणून प्रश्नच नव्हता. उरलं कुक्कुटपालनाचं पुस्तक. ते नेत्यांनीच विनयाने टोपणनावाने लिहिलं होतं, असा निष्कर्ष एकमताने निघाला. ते आता चरित्राचा दुसरा खंड आहे. चौकातल्या पुतळ्याच्या डाव्या हाताखाली ब्राँझची कोंबडी बसवली गेली. (उजवा हात देशाला दिशा दाखवत असल्याने मोकळा नव्हता.) नेत्यांचा अज्ञात पैलू शोधल्याबद्दल कारकुनाला परीक्षा माफ झाली आणि सत्कारात हातांची खुर्ची मिळाली.

सत्काराच्या आदल्या दिवशी त्याने दुसरा खंडही पुसायला नेला होता. हरवलेली सोळा पानं त्यात होती. 'पिल्ले सहा आठवड्यांची झाली की' या ओळीनंतर लगेच तुरुंगाच्या दारातलं नेत्यांचं ते तुटलेलं वाक्य पुरं होत होतं: "ही छत्री कुणीतरी घरी पोचवा रे. बायकोची आहे, हरवली तर माझं काही खरं नाही."

कारकून एकटाच खूप हसला. मग त्याला नेते फार आवडले. इतके, की उद्या सभेत हे सांगायचंच असं त्याने ठरवलं.

सभेत तो बोलायला उठू लागला. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले. ते गुळगुळीत होते. पहिल्या रांगेत बायको मान हलवत होती, आडवी. शेजारी मेव्हणा मार्गदर्शिका चाळत होता.

"नेते म्हणाले होते," कारकून म्हणाला आणि थांबला. "दाणे दोनदाच."

टाळ्या थांबेनात.

हसलात? हसा. पण आता तुमच्या आवडत्या नेत्याचं एक वाक्य, एकच, न बघता म्हणून दाखवा. आठवलं? छान. मान ताठ झाली असेल, ऊर भरून आला असेल. आता एवढंच तपासा, ते कोंबड्यांनाही लागू पडत नाही ना.