पाठीवरचे आबा

स्टुडिओत जायचं नाही, आबांचा फोटो घरीच छापायचा, असं समर्थने ठरवलं तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही. बायको, माधवी, तेवढी म्हणाली, "अहो, तुम्हाला नारळ धड फोडता येत नाही." पण ते अडवणं नव्हे, तो तिचा रोजचा सूर.

आबा म्हणजे परंदवडीचे महिपती आबा, समर्थचे सासरे. समर्थ लोणावळ्यात एका रिसॉर्टच्या ऑफिसात कारकून. लग्न ठरवताना आबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि त्याच्या तोंडावरच निकाल दिला, "पोरगा गरीब हाय, पन कामाचा न्हाई." तेव्हापासून आबा नुसते खोकले तरी समर्थ उठून उभा राहायचा. (फोनवर खोकले तरीसुद्धा.) आता आबांची एकसष्टी होती, गावात देवळापुढे मांडव, सत्कार. तिथे जावयाने स्वतःच्या हाताने छापलेला फोटो दिला की तो निकाल फिरेल, एवढीच त्याची आशा.

पहिल्या प्रिंटमध्ये आबा राजमाचीच्या धुक्यात उभे असल्यासारखे आले.

"व्हॉट्सॲपवरून घेतलात ना?" माधवी म्हणाली. "तिथे फोटो चेपून बारीक होतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा."

मूळ फाइल आली. दुसऱ्या प्रिंटमध्ये आबा हिरवे झाले. मग समर्थने व्हिडिओ बघून प्रिंटरचं तोंड साफ केलं, भारीतला चकचकीत कागद आणला, सेटिंग 'बेस्ट'वर नेलं, आणि एकसष्टीच्या दिवशी सकाळी आबा अखेर जसेच्या तसे बाहेर आले. मिशीचा केस न् केस, डाव्या गालावरची चामखीळ, सगळं! फक्त शाई वाळेना. (कागद त्याने उलट्या बाजूने घातला होता. पण हे पुढे कळलं, आणि तेव्हा कळून काय उपयोग?) वर प्रिंटरने कळवलं की शाई संपली.

आबा आदल्या संध्याकाळी नवा चष्मा घ्यायला लोणावळ्यात आले होते, मुक्कामी होते. इतका वेळ बाथरूममध्ये होते. आता कडी वाजली.

फोटो लपवायचा कुठे? पलंगावर आबांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घडी करून ठेवला होता. त्याने फोटो खाली सरकवला आणि वरून दोन्ही हातांनी शर्ट दाबून धरला.

"पाव्हणं, काय करताय?"

"इस्त्री... इस्त्री बघत होतो, आबा."

"बघा. पन हातानं कशाला दाबताय?"

आबा शर्ट घालून उंबरठ्याबाहेर पडले आणि माधवीने तोंडावर हात ठेवला. पाठीवर दुसरे आबा होते! मिशांसकट, डोळे वटारून.

"सांगा त्यांना," ती कुजबुजली.

"मी? तुझे वडील आहेत, तू सांग!"

"शर्ट कुणी दाबला?"

हे खरंच होतं. मग समर्थने कारकुनाला शोभेल असाच मार्ग काढला, म्हणजे कुणाला काही कळू द्यायचं नाही. बसमध्ये आबा पाठ टेकून बसले, तोवर ठीक. पण सोमाटणे फाट्याला उतरल्यापासून तो आबांच्या पाठीला जो चिकटला तो चिकटलाच. ऊन नसताना छत्री उघडून मागे धरली. तिने हात दुखला तेव्हा पिशवी धरली.

"पाव्हणं, मागं मागं काय येताय? म्होरं चला की!"

"तुमच्यापुढे कसा चालणार, आबा?"

आबांनी मान वळवून असं काही बघितलं की समर्थने छत्री आणखी खाली घेतली. मांडवात समर्थच्या सासूबाई नंदाबाई ओवाळायला आल्या. त्यांचं ताट भोवती फिरलं तसा हाही छत्री घेऊन आबांमागे फिरला. घाम मानेवरून खाली ओघळत होता. बायको माहेरी, आपण रस्त्यावर, इथवर त्याने मनात बघून घेतलं.

सत्काराला मात्र स्टेजवर आबा एकटेच चढले. शाल घेतली, नारळ घेतला, गावाला नमस्कार केला. शाल काढून खुर्चीवर ठेवली. आणि देवाला हात जोडायला गावाकडे पाठ करून वळले.

समर्थने डोळे मिटले आणि मांडवाचा खांब धरला.

मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, आबा इलेक्शनला हुभं राहत्यात!" आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आचारी पळी घेऊन बाहेर आले. पोरांनी आबांना खांद्यावर घेतलं. उभं राहायचं आबांच्या मनात होतंच, पण आपल्या तोंडाने सांगायची लाज. ते पाठीने सांगून टाकलं होतं.

पंगत उठल्यावर आबांनी समर्थला खुणेनं बोलावलं.

"आबा, चुकलो. शर्टावर तो फोटो..."

"सकाळी घालतानाच बघितला म्या. नवा चष्मा काय शोभेला घेतलाय?"

"मग... मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? म्हनलं, पोरानं गुपचूप छापून दिलाय, एकसष्टीला. पयल्यांदा वाटलं, पाव्हणं कामाचं हाय. आन बसमधनं उतरतोय तर तुमी छत्री घिऊन मागं! फाट्यापासनं एका मानसाला बघू दिलं न्हाई. शेवटी माझं मलाच वळावं लागलं!"

कामाचं! समर्थच्या डोळ्यांत पाणीच आलं. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"फकस्त चामखीळ उजव्या गालाला गेलीया. तेवढं बघा."

दुसऱ्याच दिवशी परंदवडीहून प्रचारासाठी गोणीभर पांढरे शर्ट आले. तेव्हापासून समर्थ संध्याकाळी ऑफिसातून आला की कागद मुद्दाम उलटा घालतो, चामखिळीसाठी फोटोही आरशातल्यासारखा उलटा छापतो आणि एकेक शर्ट दोन्ही हातांनी दाबत बसतो. माधवी वर बसून वजन देते. ही शाई मात्र एका धुण्यात जाते, त्यामुळे गेलेले शर्ट आठवड्याने पुन्हा दारात येतात.

परवाच्या गोणीबरोबर आबांचा निरोपही आला. निकाल फिरला होता. "पाव्हणं कामाचं हायती," आबांनी कळवलं होतं, "पन लय सावकास."