राजेपण सोडलेले सुभेदार तात्या

आमच्या शेजारच्या सुभेदार तात्यांकडे चहा हवा असेल तर आधी हात वर करावा लागतो. साखरेचा की गुळाचा, यावर मतदान होतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, घरात तात्या एकटे. म्हणजे मतं दोनच, त्यांचं आणि माझं. ती फुटली तर तिसरा माणूस येईपर्यंत आधण चढत नाही. एकदा दूधवाल्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "मला कॉफी चालंल." झालं! फेरमतदान.

मी आपला राजेशाहीचा माणूस. कराडजवळच्या मलकापुरातल्या आमच्या कॉलनीच्या कमिटीने गेटच्या रंगावर चार बैठका घेतल्या, तोवर गेटच गंजलं. "आवं तात्या, एकच माणूस नेमा. हुकूम सोडला की काम फत्ते!" मी म्हणायचो.

"गड्या, राजा शाणा हाय तवर सोनं. चुकला तर त्याला सांगणार कोण? समदी माना डोलावणार."

"पण गेट गंजलं ना!"

"गंजू दे. लोखंडच हाय."

उभा जन्म पलटणीत हुकूम झेलण्यात आणि सोडण्यात गेला, तो माणूस पंचांचा एवढा भक्त कसा, याचं मला भारी कुतूहल होतं.

गेल्या महिन्यात शिरवळहून त्यांची लेक सुनंदा आली. तिच्या मुलीला कराडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. नात आपल्याकडेच राहील म्हणून तात्यांनी खोली रंगवून ठेवली होती, तीही कुणाला न विचारता! तरी रीतसर बैठक बसली. मी पंच.

"सुनंदा, पोरीनं कुठं ऱ्हायचं? तुझं मत सांग."

"तुमी म्हणाल तसं, तात्या."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. तात्या उठून व्हरांड्यात गेले. मीही मागोमाग गेलो.

"हिलाबी ह्याच कालिजात जायचं व्हतं," ते म्हणाले. "मी पोस्टिंगवरनं फोन केला, लगीन ठरवलंय म्हणून. तवाबी म्हणाली, तुमी म्हणाल तसं. मला लय अभिमान वाटला, रं. तवापास्नं पोरीनं मला एकदाबी न्हाई म्हटलेलं न्हाई."

मला फार वाईट वाटलं.

ते आत येऊन लेकीसमोर बसले. "सुनंदे, एकदा तरी भांड की माझ्यासंगं."

तिने मान वर केली. मग म्हणाली, "ती हॉस्टेलला ऱ्हाणार. तुमच्याकडं न्हाई. हितं आली तर तिचं समदं तुमीच ठरवाल."

नात घरात यावी म्हणून तात्या किती आसुसले होते, ते मी पाहिलं होतं. त्यांनी डोळे पुसले.

"मंजूर," ते म्हणाले.