राग माझा, श्रेय ग्रंथीला

मला काहीही झालेलं नाही, हे मी लेखी आणून दाखवणार होते! तपासणीला गेले ती फक्त त्यासाठी, हे आधीच स्पष्ट करते. लेकीने वर्षभर टुमणं लावलं होतं की पन्नाशी उलटली, आता सगळ्या तपासण्या करून घे. एकदा चोख रिपोर्ट तिच्या हातात ठेवला की तिचं तोंड बंद, असा माझा साधा बेत. बावन्नाव्या वर्षी मी दोन माणसांचं जेवते आणि वजन उलट घटतंय! शेजारणी जळून खाक होतात. माझ्या शिवणवर्गातल्या विशीतल्या मुली दमतात, मी दमत नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर भलामोठा तक्ता होता. चाळिशीत रक्तदाब आणि साखर, पन्नाशीत छाती आणि आतडी, साठीपुढे न्यूमोनियाची लस. माणूस म्हणजे काय सर्व्हिसिंगला न्यायची स्कूटर आहे? मी नर्सबाईंना तसं विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "स्कूटर वेळेवर आणतात हो लोक." वर धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, ते विचारलं. शाळेत असताना, असं मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी लगेच सुई काढली. लशी लहान मुलांना देतात, असं मी बजावेपर्यंत टोचून झालंही होतं.

रिपोर्ट आले तेव्हा नवरा आणि लेक दोघंही सोबत होते. डॉक्टरीणबाई कागद उलटत गेल्या. साखर उत्तम, छातीत काही नाही. मी लेकीकडे विजयी नजरेने बघितलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या की थायरॉईड मात्र फार जोरात चाललंय. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, तिने म्हणे माझ्या सगळ्या शरीराला पळत ठेवलं होतं! म्हणून वजन घटत होतं, म्हणून छाती धडधडायची, म्हणून सुईत दोरा ओवताना हात थरथरायचा. (मी आपली दुकानदाराला खराब दोरा देतो म्हणून शिव्या घालत होते.) शेजारणींसमोरची माझी ऐट तिथेच संपली. तेही मी सोसलं असतं, पण बाईंनी पुढचा प्रश्न विचारला.

"चिडचिड होते का हो?"

"नाही," मी म्हणाले.

"हो," नवरा आणि लेक एकदम म्हणाले.

झालं! घरी पोचेपर्यंत माझी सगळी भांडणं त्या ग्रंथीच्या नावावर चढली होती. लिफ्टमध्ये सायकल कोंबणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला मी सुनावलं, ते थायरॉईडमुळे. गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलावरून नवऱ्याशी चाललेली जुनी लढाई, तीही थायरॉईडमुळे. मी ओरडून सांगितलं की टॉवेल लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून गादीवर आहे, ग्रंथी आत्ता बिघडलीय. नवऱ्याने समजूतदारपणे पंखा वाढवला. त्या समजूतदारपणाने माझं डोकं आणखी फिरलं, आणि फिरलं की तो पुन्हा पुरावा!

लेकीने ही बातमी तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला कळवली. ताई आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. आमच्या आईने ज्या शिलाई मशीनवर आम्हा दोघींना वाढवलं, ते मशीन आई गेल्यावर ताईने मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. शिवणवर्ग मी चालवते, आणि मलाच विचारायचं नाही? तेव्हा मी तिला नाही नाही ते बोलले. ती माफी मागेल म्हणून मी तेव्हापासून वाट बघत होते.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ती रडत होती. आली अक्कल ठिकाणावर, असं मला वाटलं.

"अगं, मला काय माहीत तू आजारी होतीस," ताई म्हणाली. "जाऊ दे आता. मी तुला माफ केलं."

माफ केलं! मला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरानेच संन्याशाला माफी दिली! माझं म्हणणं बरोबर होतं, त्याचा आजाराशी काही संबंध नाही, हे अगदी ओठावर आलं होतं. पण ते बोलले की फोन पुन्हा बंद, हेही स्वच्छ दिसत होतं. आणि ताईचा आवाज थेट आईसारखा आहे. मला तो फार हवा होता.

"डॉक्टर म्हणतात, होतं असं," मी पुटपुटले.

तेव्हापासून ताई दर रविवारी येऊ लागली. पहिल्याच रविवारी मी मशीनचा विषय काढला आणि माझा आवाज चढला. ताईने पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की बोल, मनात ठेवलंस तर ग्रंथीला त्रास होईल. मग मी बोलले! पुढच्या रविवारीही बोलले. शेवटी एकदा तीच रडली. आईशिवाय ते मशीन तिला बघवत नव्हतं, म्हणून तिने डोळे मिटून देऊन टाकलं होतं. निरोगी होते तोवर हे मला कोणी सांगितलं नाही. निरोगी बाईचं ऐकून घेतं कोण?

मीही मग ताईला धरून दवाखान्यात नेलं. तिची साठी उलटलीय, न्यूमोनियाची लस राहिली होती. ती कुरकुरली, मी ओरडले, तिने मुकाट्याने दंड पुढे केला. आजारी माणसाला कोण दुखावणार!

परवा माझा नवा रिपोर्ट आला. गोळ्या अजून चालू ठेवायच्या आहेत, पण ग्रंथी ताळ्यावर आलीय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आता चिडचिड संपली असेल ना. संपली, असं सांगून मी बाहेर पडले आणि माझ्या स्कूटरला गाडी आडवी लावणाऱ्या माणसाशी कडाडून भांडले. घरी आले तर ताई दारातच उभी होती. डॉक्टर काय म्हणाल्या, असं तिने काळजीने विचारलं.

मी रिपोर्ट पर्समध्ये आणखी खाली सरकवला.

"बराच वेळ लागेल म्हणाल्या," मी म्हणाले. "आणि ताई, मशीन दिलंस ते दिलंस, निदान त्याच्या ड्रॉवरमधली आईची कात्री तरी काढून ठेवायचीस."

"थांब," ताई म्हणाली, "आधी तुला पाणी आणते."