मयत सुंद्राक्का आणि गुंजाबाईची नळी

एका जंगलात एक माशी होती. सिंह कुठे गेला, कोल्हा कुठे गेला, विचारू नका. त्यांच्या गोष्टी ऐकून तुमचे कान किटले असतील. माझे तर कधीच किटलेत.

माशीचं नाव गुंजाबाई. तिला आपल्यासारखी किडनी नव्हती. कुठल्याच माशीला नसते. तिच्या पोटात होत्या चार बारीक नळ्या. रक्तातली घाण ओढायची आणि मागच्या दाराने बाहेर ढकलायची, एवढंच त्यांचं काम. ट्यूबलाइटवर ठिपके दिसतात ना? तोच तो माल. शी म्हणू नका. तुमचा काय अत्तराचा असतो?

तर बाळांनो, नळी म्हणजे पेशींची वस्ती. पेशी म्हणजे शरीराची वीट, पण जिवंत. या विटा दिवसभर पंप मारायच्या. एका नळीवर हरबा मुकादम होता. तो पण पेशीच, फक्त शिट्टीवाला.

या नळीच्या खालच्या वळणावर चार म्हाताऱ्या झोपलेल्या असायच्या. पंप नाही, घाण नाही, नुसतं घोरणं. त्यातली सगळ्यात जुनी सुंद्राक्का.

विज्ञानाच्या पुस्तकात अशांना मूलपेशी म्हणतात. त्यांची गंमत अशी, की नळी फाटली की त्या उठतात. एकीच्या दोन होतात. एक कामगार बनून भोकात जाऊन बसते, दुसरी परत झोपते. कामगाराला मात्र दोन होता येत नाही. एकदा कामगार झाला, की मरेपर्यंत कामगार.

पण नळी लय दिवसांत फाटली नव्हती. त्यामुळे हे सगळे विसरले होते.

एके दिवशी वरून टापटीपे साहेब आले. वरून म्हणजे गुंजाबाईच्या मुंडक्यातून. तिथे हेड ऑफिस होतं.

"कार्यक्षमता पंधरवडा चालू आहे," साहेब म्हणाले. "या कोण?"

"आक्का आहेत साहेब. झोपल्यात."

"ते दिसतंय. करतात काय?"

"झोपतात."

"अरे, पद काय यांचं?"

हरबाने डोकं खाजवलं. "झोपायचंच पद आहे, साहेब. काही फाटलं तर उठतात."

"शेवटचं कधी फाटलं?"

"मला तर आठवत नाही."

"म्हणजे तुझ्या आठवणीत यांनी काम केलेलं नाही!"

असा विचार हरबाने कधी केलाच नव्हता.

साहेबांनी तिघींना हलवून उठवलं. "पंपावर घेतो. कायम करतो."

कायम म्हटल्यावर तिघी टुणकन उभ्या.

"टोपी मिळेल का?" एकीने विचारलं.

"मिळेल."

झालं. तिघी कामगार बनल्या, टोप्या घालून पंप मारायला लागल्या. आता परत मूलपेशी होणं त्यांच्या बापालाही जमणार नव्हतं.

सुंद्राक्का मात्र उठेना. शिट्टी वाजवून झाली. चिमटा काढून झाला. शेवटी साहेबांनी तिच्या कानाशी छोटंसं भाषण केलं. ती आणखीनच गाढ झोपली.

"आता फॉर्मात काय लिहू?" साहेब वैतागले. "मला वर दाखवायचंय, रिकामे कर्मचारी शून्य."

"मयत लिहा," हरबा म्हणाला. त्याला वाटलं, आक्काला तेवढीच शांत झोप.

साहेबांनी लिहिलं. खाली हरबाचा अंगठा घेतला आणि गेले.

इकडे गुंजाबाईला सहलीवाल्यांनी टाकलेला पेढ्यांचा पुडा सापडला. तीन दिवस ती पुड्याबाहेर आली नाही. पाण्याचा थेंब नाही. नळीत खडा झाला. काटेरी. तो नळी खरवडत खरवडत खाली गेला आणि हे एवढं भोक पाडून बसला. कामगार पटापट गळाले. घाण परत रक्तात जायला लागली.

गुंजाबाई पानावर उताणी पडली.

"तायांनो, दोन व्हा!" हरबा टोपीवाल्यांना ओरडला.

पहिलीने जोर लावला. दुसरीने लावला. तिसरीची नुसती टोपी पडली.

"होत नाही रे," ती रडत म्हणाली. "आम्ही आता कायम आहोत."

हरबा वळणाकडे पळाला. "आक्का, ऊठ गं! गुंजाबाई चाललीय. ती गेली की आपण सगळेच गेलो!"

आक्काने एक डोळा उघडला. "किती फाटलंय?"

"लय."

"माझ्या बहिणी कुठायत?"

"पंपावर. टोप्या घालून."

"मेल्या मग त्या."

"नाही आक्का. कागदावर तू मेलीयेस."

"बरं झालं," आक्का जांभई देत म्हणाली. "सरक बाजूला."

आणि आक्काच्या दोन झाल्या. एक पोरगी भोकात बसली. आक्काच्या परत दोन झाल्या. परत एक बसली. चौघींचं काम एकटी करत होती, उशीर तर होणारच. तिकडे गुंजाबाईचे पाय एकेक करून थांबत होते. सहापैकी पाच थांबले, तेव्हा शेवटची पोरगी भोकात बसली.

सहावा पाय हलला. मग बाकीचे हलले. गुंजाबाई उठून बसली आणि पानावर एक ठिपका पडला. इतका सुंदर ठिपका त्या जंगलात कोणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टापटीपे साहेब हजर.

"नळी तर नवी दिसतेय! कोणी केली?"

"सुंद्राक्काने, साहेब."

साहेबांनी फॉर्म काढला. "ही मयत आहे. मयत माणूस काम कसं करेल? हा अंगठा कोणाचा?"

"माझा."

"मग?"

साहेब सगळ्यांसमोर उभे राहिले. "पाहिलंत? एक झोपाळू मेली आणि नळी कशी सुधारली!"

टाळ्या कडाडल्या. टोपीवाल्या तिघींच्या सगळ्यात जोरात.

"बाकीच्या तीन नळ्यांत पण अशा झोपाळू आहेत म्हणे," साहेब निघता निघता म्हणाले. "त्यांना पण कायम करून टाकू."

पण आता हरबाला साहेब कळला होता.

"कशाला तेवढा त्रास, साहेब?" तो म्हणाला. "सगळ्यांना मयतच लिहू. नळ्या आणखी सुधारतील."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. हरबाने बसल्या जागी सगळे अंगठे उठवले.

वळणावर सुंद्राक्काने कूस बदलली. "ए हरबा, त्या टाळ्या बंद कर की. मेलेल्या बाईला जरा झोपू दे."

तात्पर्य, वहीत सुवाच्य अक्षरात उतरवा: जगाच्या उपयोगी पडायची फार हौस असेल, तर आधी हेड ऑफिसच्या कागदावर मरून घ्या. जिवंत राहिलात तर टोपी मिळेल.