हमखास हाकलला जाणारा मॅनेजर

"तू सांगितलंस म्हणून घेतला हा मॅनेजर," कूचारबाई हसून म्हणाल्या आणि ऑरिन टेश घाबरला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अमेरिकेत आयोवातल्या एल्डन फॉल्स मस्करॅट्स या छोट्या बेसबॉल क्लबच्या त्या मालकीणबाई आणि ऑरिन त्यांचा आकडेवारीवाला. कुणाला नोकरीवरून काढताना बाई आवाज चढवत नसत. समोर बसवून घरचा चेरी पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला घालत. ऑरिनच्या आधीच्या माणसाने तर दुसरा तुकडा मागून घेतला होता.

नवा मॅनेजर शोधायचं काम ऑरिनकडे आलं होतं. खेळाडू चांगले मिळाले की मॅनेजर हुशार, नाही मिळाले की गाढव. मग त्याचा स्वतःचा उपयोग मोजायचा कसा? ऑरिनने पद्धत काढली. मॅनेजर मैदानात असताना संघ कसा खेळतो आणि नसताना कसा, ते बघायचं. आणि मॅनेजर नसतो कधी? पंचाशी भांडून हाकलला जातो तेव्हा.

या हिशेबात लाईल मॅडिगन सगळ्यांच्या वर निघाला. हा गृहस्थ पंचाच्या बुटांवर माती उडवायचा. एकदा तर मैदानातली पहिल्या बेसची गादीच उपटून घरी घेऊन गेला होता. तो गेला की त्याचा संघ पेटून उठायचा आणि जिंकायचा.

"म्हणजे हा नसताना उत्तम?" बाईंनी विचारलं होतं.

"हो मॅडम. आणि हा जवळजवळ नसतोच."

"मग लगेच घे!"

मॅडिगन आला आणि हाकललाच जाईना. पंच चुकला की तो मान डोलवून म्हणे, "चालायचंच. माणूस आहे." मस्करॅट्स हरत सुटले. मधे दोन सामने जिंकले, पण ते कसे, कुणालाच कळलं नाही.

"साहेब, जरा तरी चिडा हो," ऑरिनने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"नाही रे पोरा. बायको म्हणालीये, शांत झालास तरच परत येते."

"इथे माझी नोकरी जातेय!"

"तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"मग तुला नाही कळायचं."

गुरुवारी बाईंनी निरोप धाडला : उद्या हरलो तर परवा वर माझ्या ऑफिसात ये, चेरी पाय केलाय. ऑरिनला रात्रभर चेरीचा वास येत राहिला.

शुक्रवारी तो खेळाडूंच्या बाकामागे, मॅडिगनच्या पाठीला चिकटून बसला. पंचाने पहिला चुकीचा निर्णय देताच ऑरिन मॅडिगनसारखा घोगरा आवाज काढून ओरडला, "अरे, डोळे आहेत की बटाटे?"

पंच गर्रकन वळला. त्याला मॅडिगन दिसला. तो सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. मग मागचा ऑरिन दिसला. त्याचं तोंड अजून उघडंच होतं.

पंचाने बाहेर बोट दाखवलं आणि दोन रखवालदारांनी ऑरिनला उचलून बाहेर ठेवलं. तो पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाला टेकून बसला. आतून आरडाओरडा व्हायचा, पण जल्लोष आहे की शिमगा, हे बाहेरून समजत नव्हतं. शेवटी दिवे मंदावले आणि कूचारबाई स्वतः चालत आल्या.

"जिंकलो," त्या म्हणाल्या.

ऑरिनला रडूच फुटलं.

"रडू नकोस, ऐक. तुझीच पद्धत लावून पाहिली. याआधीचे दोन सामने जिंकलो, तेव्हा तू कुठे होतास?"

"एकदा दाताच्या डॉक्टरकडे. एकदा बहिणीच्या लग्नात."

"आणि आज इथे बाहेर." बाईंनी त्याच्याकडे फार कौतुकाने पाहिलं. "मॅडिगन बिचारा कुठेही असला तरी चालतो रे. तू नसलास की आपण जिंकतो."

"म्हणजे मी... घरी बसू?"

"घरी? घरी बसायचा पगार कोण देतं? रोज यायचं, पहिल्याच डावात भांडायचं आणि बाहेर जायचं. हंगाम संपेपर्यंत नोकरी पक्की."

ऑरिनने आयुष्यात आजच पहिल्यांदा कुणावर आवाज चढवला होता.

"आणि मॅडम, एखाद्या दिवशी पंचाने मला काढलंच नाही तर?"

बाई हसल्या. "मग मलाच तुला काढावं लागेल."