दांड्यावरचे आठ किलो

पलंग-कपाटाचा सहलीचा ट्रेलर मागे जोडला की गाडीचं बूड खाली बसे आणि पुढचे दिवे झाडांचे शेंडे दाखवत. उद्या सकाळी पहिल्याच सहलीला निघायचं होतं. हुकावर पंच्याहत्तर किलोंहून जास्त भार नको, असं गाडीच्या पुस्तकात छापलेलं होतं. म्हणून निरीक्षकांच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या गॅरेजवाल्या थोरल्या भावाने, बाथरूममधला वजनकाटा आणून ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली सरकवला.

"बहात्तर! पास झालात, जावईबापू."

"तरी दांड्यावरची बॅटरी मागे हलवू," निरीक्षक म्हणाले.

"अहो, तीन किलो कमीच भरतंय की!"

त्यांना सगळे निरीक्षक म्हणत, कारण वजनमापे खात्यात राहून तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे खोटे काटे पकडले होते. घरचा काटा आठ किलो कमी दाखवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो त्यांनीच तसा फिरवला होता. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून बायको दर रविवारी त्यांना काट्यावर उभं करी. आठ किलो 'उतरल्याबद्दल' त्यांना रोज दोन क्रीमची बिस्किटं मंजूर झाली होती. रिकामा काटा शून्याच्या मागे उभा असे. पण रिकाम्या काट्याकडे बघतो कोण?

चोवीस किलोंची बॅटरी मागच्या पलंगाखाली नेण्यात दुपार गेली. वायर पुरेना म्हणून नवी आणली. ती न्यायला कपाटाला भोक पाडलं, ते पलीकडच्या पाण्याच्या नळीलाही पडलं. मग नळी बदलली. शेवटी गाडी सरळ उभी राहिली आणि निरीक्षक वाकडे.

मेव्हण्याने पुन्हा काटा लावला. "शेहेचाळीस! फारच हलकं झालं. रस्त्यावर शेपटासारखा डुलेल हा."

"डुलू दे."

"डुलू दे काय? निरीक्षक ना तुम्ही?"

त्याने ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात पाण्याचे कॅन भरत भरत काटा पुन्हा बहात्तरवर आणला. गाडी होती तशी खाली बसली. तो बराच वेळ चाकाशी उकिडवा बसून राहिला.

"वजन बरोबर, तरी बसते. म्हणजे स्प्रिंगाच गेल्या. उद्याचं विसरा. आठवडाभर गाडी माझ्याकडे."

बायकोने दारातल्या भरलेल्या बॅगांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. निरीक्षक ढग तपासत होते.

"दादा, तू हात धू. चहा ठेवलाय."

तो आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "एक कॅन काढा. काट्यावर चौसष्ट आलं की थांबा. त्यात आपले आठ धरायचे."

"तुला... कधीपासून माहितीये?"

"पहिल्या रविवारपासून. एका रात्रीत मीही आठ किलो उतरले, कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तोवर बहिणीला फोटोसकट कळवून बसले होते."

कॅन निघाला, गाडी वर आली. मेव्हणा कप घेऊन बाहेर आला तो थबकलाच.

"उठली की! काय केलंत?"

"एक कॅन काढला," बायको म्हणाली. "स्प्रिंगा ठीक आहेत. उद्या निघतोय आम्ही."

मेव्हण्याने मान हलवली, काटा ओढून घेतला आणि आत ठेवण्याआधी सहज त्यावर उभा राहिला. मग खाली वाकून पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं.

"तायडे," तो म्हणाला, "चहात अजून दोन चमचे साखर टाक. आणि जावईबापू, हा काटा बरोबर आहे ना?"

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती साखरेचा डबा आणायला आत वळली होती.

"तीस वर्षं हेच काम केलंय," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे."